मॅट्रिक पास मास्तरांचा हिशेब

शिरूर-दौंडच्या जिरायती पट्ट्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात एकच चर्चा असते: मृग कधी लागतोय आणि वाहन कोणतं आहे. बेडूक असेल तर पाऊस बरा, कोल्हा असेल तर अवघड. पंचांग उघडलं की तारीख मिळते, ७ किंवा ८ जून. ही तारीख आजोबांच्या काळापासून हीच आहे, म्हणून ती कायमचीच असणार असं आपण धरून चालतो.

पण ती कायमची नाही. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी कोकणातल्या नांदगावात गणेश दैवज्ञ ‘ग्रहलाघव’ लिहीत होते, तेव्हा आजच्या कॅलेंडरच्या भाषेत मृग १ जूनच्या आसपास लागत होता. साधारण सत्तर वर्षांत एक दिवस या वेगानं आपली नक्षत्रं ऋतूंच्या मागे पडत चालली आहेत. आणखी दोन हजार वर्षांनी मृगाची तारीख जुलैत गेलेली असेल. पाऊस मात्र तिच्यासाठी थांबून राहणार नाही.

ही घसरण भारतात कुणाच्या, कधी लक्षात आली? तिचं गणित कुणी कसं मांडलं? कुठलं पुस्तक आधीचं, कुठलं नंतरचं, कुणी कुणाकडून काय उचललं? या प्रश्नांची उत्तरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका माणसानं एकाच ग्रंथात, आणि तेही मराठीत, लिहून ठेवली. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. पेशानं ते शाळामास्तर होते. त्यांच्याकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती.

बदलीचे गाव आणि एक मोठं काम

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. गावात शिक्षण, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरकीचं प्रशिक्षण, १८७४ मध्ये मॅट्रिक. पुढचं आयुष्य सरकारी शिक्षण खात्यात बदल्या स्वीकारत गेलं: रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज. १८९८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी वयाची पंचेचाळीस वर्षंही पूर्ण केली नव्हती.

ही गावं नकाशावर एकदा बघा. यातलं एकही त्या काळातलं संशोधनाचं केंद्र नव्हतं, अपवाद फक्त पुण्याचा. संस्कृत पोथ्यांचा मोठा सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजात होता, विद्वानांच्या सभा मुंबईत आणि कलकत्त्यात भरत, नियतकालिकं इंग्रजीत निघत. बार्शीच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाला यातलं काहीच हाताशी नव्हतं. पुण्याहून निघालेले रूळ दौंडला फुटतात, एक फाटा सोलापूरकडे, दुसरा मनमाडकडे. ग्रंथालयापासून तितकं लांब राहून दीक्षितांनी हे काम उभं केलं.

हाताशी होतं ते वेगळंच. त्या काळी गावोगावी पंचांगं करणारी ब्राह्मण घराणी होती. त्यांच्याकडे पोथ्या होत्या, कोष्टकं होती, आणि मुख्य म्हणजे हिशेबाची रीत तोंडपाठ होती. दीक्षित ती माणसं गाठत, पोथ्या बघत, कर्त्याचं नाव, गाव आणि शक टिपून घेत. ही दारं त्यांना उघडली याचं एक कारण त्यांची जात होती, हेही सांगायला हवं. त्याच गावातल्या दुसऱ्या कुणाला ती पोथी हातातही मिळाली नसती. पण दार उघडलेल्या बहुतेकांनी आत जाऊन जे केलं नाही ते दीक्षितांनी केलं: पोथीला नमस्कार करून ती परत न ठेवता तिच्यातला हिशेब तपासून पाहिला.

नगर रस्त्यावरची एक आधीची गोष्ट

दीक्षितांच्या आधी या विषयाला हात घालणारा एक माणूस आपल्या भागाच्या अगदी जवळ होता. एबेनेझर बर्जेस हे अमेरिकन मिशनरी १८३९ मध्ये भारतात आले आणि नगरला राहिले. त्यांच्या मिशनचं एक ठाणं शिरूरलाही होतं. मराठी शाळांसाठी खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक तयार करावं, असं बर्जेस यांच्या मनात आलं. मुलांना शिकवायचं तर इथले लोक आधीपासून काय मानतात ते कळायला हवं, म्हणून ते ‘सूर्यसिद्धान्त’ वाचायला बसले. त्यातून झालेलं इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये अमेरिकेत छापलं गेलं आणि आजही जगभर वापरलं जातं. सूर्यसिद्धान्ताच्या या गाजलेल्या भाषांतराचं मूळ मराठी शाळेच्या पुस्तकात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

त्या छापील पुस्तकात एक भांडणही आहे. टिपा लिहिण्यात येल विद्यापीठाचे विल्यम व्हिटनी यांचा मोठा हात होता आणि त्यांचा कल स्पष्ट होता: हे गणित मुळात ग्रीकांचं, भारतीयांनी ते उचललं. बर्जेस यांना हे पटलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःचं वेगळं मत जोडलं, की यातलं बरंचसं इथलंच आहे. धर्मप्रसारासाठी आलेला माणूस इथल्या ज्योतिषाची बाजू घेतो आणि संस्कृतचा मोठा पंडित ती नाकारतो, असा तो प्रकार होता.

दीक्षित लिहू लागले तेव्हा वाद इथपर्यंत आला होता. एका बाजूला सगळं ग्रीकांचं म्हणणारे युरोपीय पंडित, दुसऱ्या बाजूला सगळं वेदांतच होतं म्हणणारे आपले लोक. दोन्ही बाजू मोठ्या आवाजात बोलत होत्या. दीक्षितांनी दोघांनाही आकडे विचारले.

वर्षाला अर्धा सेकंद

आकडे विचारणं म्हणजे काय, हे एका उदाहरणानं बघू.

सहाव्या शतकात वराहमिहिरांनी ‘पंचसिद्धान्तिका’ लिहिली. त्यात त्यांनी आपल्या आधीच्या पाच सिद्धान्तांचा सारांश दिला: पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह. यातला ‘सौर’ म्हणजे सूर्यसिद्धान्त. आता आपल्याकडे प्रचारात असलेला सूर्यसिद्धान्त तोच का? नाव तेच, श्रद्धा तीच, मग पुस्तक तेच असणार, असं मानणं सोपं होतं.

दीक्षितांनी दोन्हींतली वर्षाची लांबी आणि ग्रहांच्या फेऱ्या मांडून पाहिल्या. वराहमिहिरांनी दिलेल्या जुन्या सूर्यसिद्धान्तात वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळं ३० विपळं इतकं येतं. आजच्या सूर्यसिद्धान्तात दिवस, घटी, पळं सगळं तेच, फक्त विपळं ३१.४. एक विपळ म्हणजे ०.४ सेकंद. फरक वर्षाला जेमतेम अर्ध्या सेकंदाचा.

अर्धा सेकंद कुणाच्या लक्षात येणार? पण हे आकडे कुणी आकाशाकडे बघून अंदाजानं लिहिलेले नसतात. युगातले एकूण दिवस आणि एकूण फेऱ्या यांच्या भागाकारातून ते येतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक आला, तर भागाकाराच्या मुळाशी असलेली संख्याच कुणीतरी बदलली. ग्रहांच्या आकड्यांतही असेच फरक होते. निष्कर्ष उघड होता: ही दोन वेगळी पुस्तकं आहेत आणि आजचं पुस्तक नंतरचं आहे.

हा निष्कर्ष पचवायला सोपा नव्हता, कारण सूर्यसिद्धान्त हा देवानं सांगितलेला, म्हणून न बदलणारा ग्रंथ समजला जाई. दीक्षितांनी त्यावर टीकेचा एक शब्दही खर्च केला नाही. त्यांनी दोन रकाने शेजारी शेजारी मांडले.

गुरुवार, २१ जून ४८४

दुसरं उदाहरण इतिहासाच्या पुस्तकातलं. गुप्त सम्राटांचा काळ चौथ्या-पाचव्या शतकातला, हे आज स्पर्धा परीक्षेला बसणारा कुणीही सांगेल. पण १८८० च्या दशकापर्यंत याच गोष्टीवर जोरदार वाद होता. गुप्तांच्या शिलालेखांवर त्यांच्या स्वतःच्या संवताची वर्षं आहेत. तो संवत सुरू कधी झाला? कुणी म्हणे शकाबरोबरच, इसवी सन ७७-७८ मध्ये. कुणी म्हणे १६६-६७ मध्ये. अल्-बिरूनीनं लिहून ठेवलं होतं की तो शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, म्हणजे ७८ अधिक २४१, सुमारे ३१९. कोणावर विश्वास ठेवायचा?

मुंबई सरकारच्या सेवेतले जॉन फेथफुल फ्लीट गुप्तांचे लेख संपादित करत होते. त्यांना लेख वाचता येत होते, पण लेखातल्या तिथ्या तपासायला पंचांगाचं गणित लागतं. ते काम दीक्षितांनी केलं.

मध्य प्रदेशातल्या एरण इथे बुधगुप्ताच्या काळातला एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार असं कोरलेलं आहे. सगळी मेख या गुरुवारात आहे. १६५ मध्ये ३१९ मिळवा, ४८४ येतात. आता इसवी सन ४८४ मध्ये आषाढ शुद्ध द्वादशी कुठल्या वारी होती, हे चंद्र-सूर्याच्या गतीवरून मागे मोजत जायचं. मधली चौदाशे वर्षं, अधिक महिने, तिथींची वृद्धी आणि क्षय, सगळं धरून. उत्तर आलं २१ जून ४८४, वार गुरुवार.

एक गुरुवार जुळला म्हणून वाद मिटत नाही. सातांत एकदा तो योगायोगानंही जुळेल. म्हणून एका लेखावर न थांबता, तिथी-वार किंवा तसा दुसरा पुरावा देणारे आणखी लेख तपासावे लागतात. योगायोग एकदा होतो, दर वेळी होत नाही. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला आणि त्यात दीक्षितांची गणितं छापली गेली. शाळेच्या इतिहासातलं गुप्तांचं पान आज जिथे आहे, तिथे ते बसवण्यात बार्शीसारख्या गावात शिकवलेल्या या मास्तरांच्या कागद-पेन्सिलीचाही वाटा आहे.

पुढे मद्रासकडचे अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर दीक्षितांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत पुस्तक केलं, इसवी सन ३०० ते १९०० पर्यंतच्या कोष्टकांचं. ते १८९६ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यानंतर कुठल्याही शिलालेखाची तारीख काढणाऱ्याला प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

कृत्तिका ठीक पूर्वेला

दीक्षितांचा सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात वादग्रस्त शोध शतपथ ब्राह्मणातल्या एका वाक्याचा आहे. त्या वाक्याचा आशय असा, की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. वाचणारे हे वाक्य शतकानुशतकं वाचत आले होते. दीक्षितांनी ते निरीक्षण म्हणून वाचलं.

हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. कार्तिकात अंधार पडल्यावर गावाबाहेर जा. पूर्वेला तोंड करा. मोबाइलमधलं होकायंत्र ठीक पूर्व दाखवील. कृत्तिकांचा छोटासा पुंजका क्षितिजावर त्या जागी उगवत नाही, तर डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेकडे सरकून उगवतो. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. दौंडहून कृत्तिका पूर्वेपासून सुमारे अडीच मुठी उत्तरेला उगवताना दिसतील.

मग त्या ठीक पूर्वेला कधी उगवत असतील? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. मृगाची तारीख ऋतूंच्या मागे पडते तेही याच कारणानं. दीक्षितांनी मागे मोजलं आणि उत्तर आलं इसवी सनापूर्वी सुमारे ३०००. आजच्या संगणकी गणितानंही कृत्तिका ठीक पूर्वेला उगवण्याचा काळ जवळपास तोच येतो. त्यांचा गुणाकार बरोबर होता.

प्रश्न गुणाकाराचा नाहीच, तो वाक्याच्या अर्थाचा आहे. ‘ढळत नाहीत’ हे काटेकोर मोजमाप समजायचं की ढोबळ वर्णन? उघड्या डोळ्यांनी एक अंश चुकणं सहज शक्य आहे, आणि या ठिकाणी एका अंशानं काळ दोनेकशे वर्षं मागेपुढे होतो. शिवाय निरीक्षण जुनं आणि ग्रंथ नंतरचा, असंही होऊ शकतं. आपणही ‘दक्षिणायन’, ‘उत्तरायण’ हे शब्द संक्रांतीला वापरतो, पण उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन गेलेलं असतं. आपल्या लिखाणावरून दोन हजार वर्षांनी कुणी आपला काळ काढला, तर तो हमखास चुकेल. अनेक अभ्यासकांनी दीक्षितांचा हा निष्कर्ष मान्य केलेला नाही.

तरीही दीक्षितांची पद्धत आजच्या फॉरवर्ड मेसेजमधल्या ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ या दाव्यापेक्षा मुळातच वेगळी आहे. त्यांच्या दाव्यात वाक्य कुठलं ते आहे, गृहीत काय धरलं ते आहे, आकडेमोड आहे. तो खोडता येतो. खोडता येण्यासारखं काही लिहिणं हीच अभ्यासाची पहिली अट आहे, आणि अभिमानानं लिहिणारे बहुतेकजण नेमकी तीच टाळतात.

दक्षिणेचे पैसे, मराठी ग्रंथ

हे सगळं ज्या ग्रंथात आहे त्याचं नाव ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. तो १८९६ मध्ये पुण्यात छापला गेला. त्यामागे दक्षिणा प्राइज कमिटीचं बक्षीस होतं. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्या पैशांचा काही भाग इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला होता. दान म्हणून वाटला जाणारा पैसा असा एका अभ्यासाला उपयोगी पडला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात वेदकाळ आणि वेदांगकाळ, दुसऱ्यात सिद्धान्तकाळ. आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य हे तर आहेतच. पण खरी मजा आहे ती पाठ्यपुस्तकांत कधीच न भेटणाऱ्या माणसांत: लहान गावांत राहून करणग्रंथ लिहिणारे, कोष्टकं करणारे, टीका लिहिणारे. दीक्षित त्यांच्या ग्रंथातल्या आरंभवर्षावरून त्यांचा शक काढतात, आकड्यांवरून ते कोणत्या परंपरेचे ते ओळखतात.

गणेश दैवज्ञांचं उदाहरण घ्या. शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०. तोपर्यंत ग्रहाचं स्थान काढायचं तर कलियुगाच्या आरंभापासून किती दिवस गेले इथून सुरुवात करायची पद्धत होती. ती संख्या सोळा लाखांच्या वर जाते. गणेश दैवज्ञांनी ४०१६ दिवसांचं, म्हणजे साधारण अकरा वर्षांचं एक चक्र घेतलं. मग उरलेले दिवस कधीच ४०१६ च्या वर जात नाहीत. त्रिकोणमितीतल्या ज्यांची कोष्टकंही त्यांनी टाळली आणि त्याऐवजी सोपे गुणाकार-भागाकार दिले. त्यामुळे साध्या जोशालाही पंचांग करता येऊ लागलं, आणि ‘ग्रहलाघव’ महाराष्ट्रात शतकानुशतकं चाललं. आजच्या भाषेत सांगायचं तर मोठा प्रोग्राम त्यांनी छोट्या फोनवर चालेल असा करून दिला. अडचण एवढीच झाली, की पुढच्यांनी आकाशाशी ताडून बघणं सोडलं आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह वेगवेगळ्या ठिकाणी दिसू लागले.

म्हणूनच दीक्षित फक्त इतिहास लिहून थांबले नाहीत. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांगाची बाजू लढवली. सायन म्हणजे ऋतूंना धरून चालणारं. संक्रांत प्रत्यक्ष उत्तरायणाच्या दिवशी यावी, महिने आणि ऋतू यांची फारकत होऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी ते स्वीकारलं नाही. सण ताऱ्यांच्या हिशेबानं, निरयन पद्धतीनं चालत राहिले आणि अजून तसेच चालतात.

पण ती बाजू पूर्ण हरलीही नाही. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने ऋतूंना बांधलेले आहेत, सायन आहेत. सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत ही तारीख असते. ती कुणी वाचत नाही हा भाग वेगळा.

कुणासाठी लिहायचं

दीक्षितांनी हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला असता तर? त्यांना इंग्रजी येत होतं, स्यूएल यांच्याबरोबरचं पुस्तक त्याच वर्षीचं आहे. पण मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत केला. त्याआधी १८९२ मध्ये ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे आकाशदर्शनाचं पुस्तकही मराठीतच लिहिलं. ज्यांच्या हातात पंचांग आहे त्यांनाच ते कसं तयार होतं हे कळायला हवं, असं मानणाऱ्या माणसाचं हे लिखाण आहे.

त्याची किंमतही मोजावी लागली. ग्रंथाचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये आला. इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये निघाला आणि दुसरा १९८१ मध्ये, म्हणजे मूळ पुस्तकानंतर पंच्याऐंशी वर्षांनी. तोपर्यंत भारतीय गणित आणि खगोलशास्त्राचा इतिहास जगात इंग्रजीत लिहिला जात होता, आणि तो लिहिणाऱ्या बहुतेकांना मराठी वाचता येत नव्हती. ज्यांना ती वाचता येत होती, त्यातल्या बहुतेकांनी हा ग्रंथ उघडला नाही. आपल्याकडे दीक्षितांचं नाव घेतलं जातं ते बहुतेकदा कृत्तिकांच्या त्या एका निष्कर्षासाठी, कारण तो आपल्याला जुनं ठरवतो. सूर्यसिद्धान्त बदलला गेला हे दाखवणारे दीक्षित तितकेसे सोयीचे नाहीत. वास्तविक दोन्ही एकाच माणसानं, एकाच रीतीनं काढलेली उत्तरं आहेत. त्यातलं एकच घ्यायचं ठरवलं, तर घेतलेलंही आपल्याला समजलं नाही असंच म्हणावं लागेल.

मृगाच्या तारखेचंही तेच. ती कुणीतरी मोजून काढली, म्हणून ती पुन्हा मोजता येते. दीक्षितांनी आपल्यासाठी ठेवलेली खरी गोष्ट हीच आहे, आणि ती वापरायला पदवी लागत नाही.